चौकटीच्या कागदावरची संत्री

ज्यावर दुसऱ्या कुणाचं काही अवलंबून आहे असा फोटो मी आयुष्यात एकदाच काढला. तो धुऊन आला तेव्हा त्यात मी होतो. बनियनमध्ये. एक डोळा मिटलेला, तोंड अर्धवट उघडं आणि छातीच्या जागी पांढराशुभ्र भडका. सदर भागातल्या फोटोवाल्याने पाकीट हातात देताना मोठ्या आदराने विचारलं, "साहेब, याच्या किती कॉप्या काढू?"

काढायचा होता टीव्हीच्या पडद्यावरचा आकडा. ऑफिसातल्या एका मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. त्याला फ्लॅश होता, आणि फ्लॅश आहे म्हणजे तो उडवायचाच असतो अशी माझी समजूत होती. काचेवर उजेड मारला की काच आपलंच थोबाड आपल्याला परत करते, हे त्या वयापर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या फोटोची वाट पाहत आमचे घरमालक दोन दिवस जिन्यात बसून होते. मी मान खाली घालून पाकीट पुढे केलं. त्यांनी बंडीच्या खिशातून भिंग काढलं, फोटोवर टेकवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बनियन चांगलं आहे गा, बाबू. पण कड ढिल्ली झाली."

रागावणं म्हणून नाहीच. कापड दिसलं की माणूस बाकी सगळं विसरायचा.

ते हातमागाचे विणकर. गोळीबार चौकाच्या मागल्या गल्लीत त्यांचं घर. खाली ते दोघं नवरा-बायको, वर भाड्याने आम्ही दोघं. रंगीत टीव्ही नुकते कुठे घरोघरी येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मालकांनी विणणं थांबवून दोन-तीन वर्षं झाली होती, कारण यंत्रमागाच्या लुगड्यांपुढे त्यांचं लुगडं कोणी घेईना. पण माग त्यांनी हलवला नाही. समोरच्या खोलीत तो तसाच उभा होता, आणि त्याच्यापुढे विणकराने पाय सोडायचा खड्डाही तसाच होता. मालक चहा त्या खड्ड्यात पाय सोडून प्यायचे. दाढी तिथेच. पाहुणा आला तरी तिथूनच "या, बसा." खुर्चीवर बसवलं तर अंग चोरून बसत. म्हणत, "पाय लटकले नाही तं डोकं चालत नाही माह्यं." आमच्याकडे वर आले की म्हणूनच ते उंच पलंगावर कडेला बसत आणि पाय हलवत राहत, एकदा डावा, एकदा उजवा, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. आमच्या पलंगाचा एक पाय त्यातच ढिला झाला.

भिंग होतं पितळेचं, घडीचं, कापडातले धागे मोजायचं. पेपर ते त्याच भिंगाने वाचत, म्हणजे वाचत नसतच. फोटोवर भिंग ठेवून ठिपके पाहत. एकदा पंतप्रधानांचा फोटो दहा मिनिटं पाहून म्हणाले, "नाक बारा ठिपक्यांचं आहे." बातमी काय होती ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोला म्हटलं, "सूनबाई, पदर दाखव वं जरा." ती दचकली. लग्नातला शालू, त्याच्यावर भिंग फिरवत ते काठापर्यंत आले आणि एका जागी थांबले. "बरा आहे. पण इथं विणणाऱ्याचं ध्यान नव्हतं. इथं त्याले कोणीतरी हाक मारली." आम्ही पाहिलं, तर खरंच तिथे एक धागा चुकलेला. आठ वर्षं तो शालू कपाटात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून बायको त्यांना मानायला लागली. मला मानायला तिला याहून जास्त वेळ लागला आहे.

वेळ ते घड्याळात मोजत नसत. धोट्यात घालायची सुताची जी छोटी नळी असते ती कांडी, आणि एक कांडी विणून संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांचा एक वेळ. "एक कांडी थांब, येतोच." "दोन कांड्या झाल्या, नळ नाही आला." या कांड्या भरायचं काम त्यांच्या बायकोचं. गल्ली त्यांना माय म्हणायची. चाळीस वर्षं माय चरख्याशी बसल्या. उजव्या हाताने चाक, डाव्या हाताच्या दोन बोटांतून सूत. बोलणं कमी. बोललं की संपलं.

त्या उन्हाळ्यात माझा मेव्हणा मस्कतहून दीड महिन्याच्या सुटीवर आमच्याकडे आला. लग्न व्हायचं होतं त्याचं, त्यामुळे हातात पैसा आणि डोक्यात हौस. त्याने दोन खोकी आणली. एकात टीव्हीला जोडून खेळायचा गेम होता. तो त्याचा स्वतःचा, जाताना परत न्यायचा. दुसऱ्यात माझ्यासाठी एक कॉम्प्युटर होता. वहीएवढा, रबराच्या बटणांचा. तोही टीव्हीलाच जोडायचा आणि त्यातलं काम जपून ठेवायचं ते साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर.

"भाऊजी, येणारा जमाना याचाच आहे," मेव्हणा म्हणाला. "तुम्ही मागे राहून राहिले."

मी पुस्तक वाचून त्या यंत्राकडून माझं नाव पडद्यावर शंभर वेळा लिहून घेतलं. खालून वर सरकत जाणारं माझं नाव पाहून मला फार समाधान वाटलं. त्यापुढे येणाऱ्या जमान्याचं काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून झाकून ठेवला.

गेमचे आवाज ऐकून मालक वर आले. सरळ टीव्हीपाशी जाऊन त्यांनी काचेवर भिंग टेकवलं. "बाणा आहे, ताणा नाही," म्हणाले. "आडवंच सूत आहे सगळं. हे कापड टिकत नाही." मग दोन पावलं मागे सरले, आणि त्यांचा चेहरा लग्नाचा बँड दिसल्यासारखा फुलला.

"बाबू, हे तं चौकटी आहे!"

लुगड्याच्या काठावरचं फूल आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एक चौकट भरली की एक धागा उचलायचा, रिकामी तर सोडायचा. पडद्यावरचं सगळं तसंच होतं, चौकोनी चौकोनी. मालक जिन्यात जाऊन ओरडले, "अवं, वर ये वं! टीव्हीवर कोणीतरी किनार काढून राहिलं!"

माय वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, पाहिलं आणि "हाव," म्हणून कुरड्या वाळत होत्या तिकडे निघून गेल्या.

गेम असा होता: वरून काहीतरी पडतं आणि खाली काहीतरी एका दांडीने डावी-उजवीकडे पळवून ते झेलायचं. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं की वरच्या उल्का आहेत आणि खालचं अंतराळयान पृथ्वी वाचवतंय. एक झेललं की दहा गुण. तीन सुटली की खेळ खल्लास. मेव्हण्याचा उच्चांक होता एकेचाळीसशे, आणि हा आकडा तो नाव सांगितल्याबरोबर पुढे सांगत असे.

एका रविवारी दुपारी मेव्हणा मित्राकडे गेला होता. माझी बायको खेळत होती, मालक पलंगावर पाय हलवत होते, आणि माय कुरड्यांचा चीक द्यायला वर आल्या होत्या. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. "माय, जरा धरा ही दांडी," म्हणून बायको आत पळाली. ती भांडं, ओटा, फडकं सगळं उरकून बाहेर आली तरी खेळ चालूच.

"माय, तुम्ही खेळून राहिल्या?"

"ही टोपली आहे अन् वरून संत्री पडून राहिली," माय म्हणाल्या. "सांडू देऊ काय?"

त्या क्षणापासून आमच्या घरात पृथ्वीचं रक्षण संपलं आणि संत्री सुरू झाली. माय खेळत होत्या, म्हणजे बायकोला कुरड्या सांगत होत्या. "गहू तीन दिवस भिजवायचे वं. पाणी रोज बदलायचं. मग चौथ्या दिवशी वाटायचे." नजर पडद्यावर अर्धी, बायकोकडे अर्धी. डाव्या हाताची दोन बोटं मात्र दांडीवर अशी काही हलत होती की त्यांना कोणी विचारायलाच नको. मालकांचे पाय पलंगाखाली त्याच तालात. संत्री गारांसारखी पडायला लागली तरी एक सुटेना. पाच हजार. सात हजार. मी श्वास धरून बसलो. नऊ हजार नऊशे नव्वद झाले, माय म्हणाल्या, "मग वाळवायच्या," आणि आकडा झाला शून्य. पुढे लिहायला त्या यंत्राकडे जागाच नव्हती.

"संपलं काय वं?" म्हणून मायनी दांडी खाली ठेवली, आणि त्याच वेळी मेव्हणा दारातून आत आला. त्याने पडद्यावर पाहिलं. शून्य.

"अरे वा, माय! सुरू करा ना. घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्याइचं शून्यच असते."

मालक, मी आणि बायको, तिघंही एकदम बोलायला लागलो. मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बहिणीला म्हणाला, "ताई, कूलर लाव वं. ह्या लोकाइले ऊन लागलं."

पुन्हा खेळून दाखवायचं म्हटलं तर माय पाहुण्यासमोर खेळेनात. मेव्हणा समोर बसला की पदर सावरून दांडी खाली ठेवायच्या. "पाहुण्यापुढे खेळत बसू काय मी?" त्यांना त्या आकड्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं मालकांना. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. भाड्याने मिळणाऱ्या व्हिडिओवर हे भरून घेता येईल का म्हणून ते चौकात विचारून आले. दुकानदाराने सांगितलं, यावर नुसतं दिसते, भरल्या जात नाही. मग पुढच्या रविवारी, मेव्हणा नसताना, मी तो फोटो काढला. त्याचं काय झालं ते सांगितलंच आहे.

बनियनच्या फोटोनंतर मी माफी मागायला खाली गेलो. मालक खड्ड्यात पाय सोडून बसले होते. पाय हलत नव्हते.

"तुम्ही एवढं काहून मनाला लावून घेता?" मी म्हटलं. "पाहिलं ना आपण."

त्यांनी आधी आत पाहिलं. माय अंगणात होत्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "माह्या एका लुगड्याले सरकारी प्रदर्शनात पहिला नंबर भेटला होता, बाबू. साहेब घरी आल्ता, इथंच, ह्याच खोलीत. त्यानं लिहून घेताना विचारलं, हे कोणी कोणी बनवलं? मी म्हटलं, मी एकट्यानं."

त्यांनी पुन्हा एकदा अंगणाकडे पाहिलं.

"कांड्या इनं भरल्या होत्या. एका कांडीत गाठ नाही. अशा कांड्या नसत्या तं थे लुगडं झालंच नसतं. पण तोंडातून तेवढंच निघालं. कागदावर एकच नाव आलं." त्यांनी भिंग उघडलं, मिटलं. "लुगडं तं दिसते गा. कांडी कोणाले दिसते? विणलं की संपली. आता इतक्या वर्षांनी तिचा हात दिसून राहिला टीव्हीवर, अन् थोही तुहा मेव्हणा पेटीत घालून चाल्ला."

मेव्हण्याच्या जाण्याला पंधरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक काखेत जुन्या चौकटीच्या कागदांची गुंडाळी घेऊन वर आले. मेव्हणा गावात हिंडायला गेलेला. मायना बसवलं, खेळ लावला, कूलर बंद केला (कूलर आणि टीव्ही एकत्र चालले की आमचा फ्यूज उडायचा), आणि त्या भट्टीत मालक पलंगावर पाय हलवत पेन्सिलीने चौकटी भरायला लागले. एक संत्रं कुठून निघालं, कुठे आलं, टोपली कुठे होती. मी म्हटलं, मालक, हजार संत्री आहेत, कशी लिहाल? ते चौकटी भरत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकदम पेन्सिल ठेवली आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

"बाबू! शहाण्णव संत्री झाली की पुन्हा पहिल्यापासून तेच येते. गेमवाल्यानं एकच किनार काढली आहे अन् थेच थे विणून राहिला. फक्त दर खेपेले हात भरभर!"

महिनाभर खेळून मेव्हण्याला हे दिसलं नव्हतं. कंपनीच्या पुस्तकातही नव्हतं. मायना विचारलं तर म्हणाल्या, "हाव. तेच तेच तं येते." त्यांना वाटत होतं, हे सगळ्यांनाच माहीत असेल.

आणि इथे, सांगायला हरकत नाही, मला एक कल्पना सुचली. आयुष्यात ज्या दोन-तीन सुचल्या त्यातली ही एक. झाकून ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये ही शहाण्णव संत्री आणि मायची टोपली आकड्यांनी भरली, तर गेम मस्कतला गेला तरी मायचा खेळ कॅसेटवर राहील. टीव्हीला लावला की पुन्हा जसाच्या तसा. मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा 'बाबू' न म्हणता 'बाबूसाहेब' म्हटलं.

मी घामोळ्यांचं कारण सांगून ऑफिसातून आठ दिवस रजा काढली. मालक कागदावरच्या चौकटी मोजून आकड्यांच्या याद्या करून देत: संत्रं कितव्या ओळीत, कितव्या घरात, टोपली कुठे. शेवटच्या कागदावर त्यांनी काठात विणतात तसं मायचं नाव चौकटींनी भरलं होतं. आठ दुपारी मी एकट्याने ते आकडे दोन बोटांनी त्या रबरी बटणांवर ठोकले. बोटांना घट्टे पडले. रोजचं काम संपलं की कॅसेटवर भरायचं, तेव्हा टेपमधून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येई. पहिल्या दिवशी माय तेलाची बुधली घेऊन वर आल्या. "तेल टाका वं त्याले कोणीतरी."

मध्येच एकदा चालवून पाहू या, असं मी म्हटलं होतं. मालक उखडले. "लुगडं मागावरून उतरल्याशिवाय कोणाले दाखवत नसते. अर्धं पाहिलं की माणूस अर्ध्यातच खूश होते." त्यांच्या घरात चाळीस वर्षं हाच नियम होता. मीही ताणून धरलं नाही, कारण चालवून पाहिलं आणि चाललं नाही तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

मेव्हणा निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे वरच्या खोलीत जमलो. मालकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मायना पुढे बसवलं. मी गेमची वायर काढून कॉम्प्युटरची लावली, कॅसेट घातली, आणि पुजाऱ्याच्या थाटात बटण दाबलं.

पडद्यावर खालून एक संत्रं निघालं. ते हळूहळू वर गेलं. छताला टोपली लटकली होती, तिच्यात जाऊन बसलं. मग दुसरं निघालं. तेही वर. पडद्याच्या कडेला मायचं नाव होतं, पण ते आम्हाला ओळखू येत नव्हतं.

"मालक," मेव्हणा म्हणाला, "हे अरबीत काहून लिहिलं?"

मालकांचे पाय थांबले. लुगडं खालून वर विणत जातं. विणकराची पहिली ओळ ही सगळ्यांत खालची ओळ. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी खालून मोजलं होतं, आणि कॉम्प्युटरची पहिली ओळ असते वर. आठ दिवसांची माझी रजा पडद्यावर उलटी टांगली होती.

संत्र्यामागून संत्री वर जात होती. मग माय म्हणाल्या, "बरं झालं. झाडाले परत जाऊन राहिली बिचारी."

आधी बायको हसली, मग मेव्हणा, मग मी. मेव्हणा तर पलंगावर आडवाच झाला आणि त्या ढिल्या पायासकट पलंग एका बाजूला कलला. मालक तेवढे हसले नाहीत. ते भिंग हातात धरून नुसते पडद्याकडे पाहत होते. मायनी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून खाली गेल्या. परत आल्या त्या मागाखालचा आरसा घेऊन. विणताना लुगड्याची चांगली बाजू खाली असते, ती पाहायला विणकर मागाखाली आरसा ठेवतात. तो तिथे अजून होता, धूळ खात. मायनी तो पदराने पुसला आणि टीव्हीच्या पुढ्यात आडवा ठेवला.

"आता पाहा वाकून."

आम्ही पाचही जण आरशाभोवती विहिरीत डोकावल्यासारखे वाकलो. आरशात संत्री वरून खाली पडत होती. टोपली खाली होती, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे, जराही घाई न करता झेलत होती. कडेला मायचं नाव सुलट, काना-मात्रेसकट.

मेव्हण्याने मान वर केली. "सुंदर आहे मालक. पण हे तं तुम्ही काढलेलं चित्र आहे. माय खेळल्या कशावरून?"

"गेम लाव," मालक म्हणाले. "कागद समोर घे. मी लिहिलं तिथं संत्रं नाही पडलं तं मी भिंग फेकून देतो."

वायर बदलली. मेव्हणा दांडी घेऊन बसला. माझ्या बायकोने यादी हातात घेतली आणि घरं वाचायला लागली, "चार, नऊ, दोन, अकरा," ना अडखळणं, ना दम घेणं. आणि ती म्हणेल तिथे संत्रं पडत होतं. एकही इकडेतिकडे नाही.

"ताई, तुले हे इतकं भरभर कसं जमून राहिलं वं?" मेव्हणा खेळता खेळता म्हणाला. ताई पुढची घरं वाचत राहिली. एकेचाळीसशे केव्हाच मागे पडले. सहा हजारांच्या पुढे संत्री गारांसारखी यायला लागली, तीन सुटली, खेळ संपला. घामाने डबडबलेला मेव्हणा कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने वळून मायना वाकून नमस्कार केला.

"माय, ह्याच्या पुढचं कसं केलं?"

"पुढे काय? कांडी भरताना कोणी पाहात बसते काय बापा?"

मालकांनी घसा साफ केला. "कांड्याइचंच सांगतो," म्हणाले. आमच्यापैकी कोणाकडेच न पाहता, आरशाकडे पाहत. "थ्या नंबरातल्या लुगड्याच्या कांड्या इनं भरल्या होत्या. साहेबानं विचारलं तं मी म्हटलं, मी एकट्यानं. हे मी इले कधी सांगितलं नाही. आज सगळ्याइसमोर सांगून राहिलो."



"मले माहीत आहे," माय म्हणाल्या. "मी दाराआड चहा घेऊन उभी होती तवा."

मालक त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मग बोलली काहून नाही वं इतके वर्षं?"

"तवा चहा थंडा होऊन राहिला होता." मायनी आरसा उचलला, पुन्हा एकदा पुसला. "अन् आता नाव घातलं, थेही उलटं."

मालक हसायला लागले. त्या दिवशीचं सगळं राहिलेलं हसू त्यांनी एकदम काढलं. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, धोतराच्या सोग्याने पुसता पुसता पुन्हा हसले. पाय पुन्हा चालू झाले.

मेव्हण्याने गेम खोक्यात घातला आणि खोकं मायपुढे ठेवलं. "माय, तुम्हीच ठेवा. मी दुसरा घेईन तिकडे."

मायनी विचारलं, "यात दुसरी कोणती किनार आहे काय?"

"नाही माय. ही एकच."

"मग ने बापा. ही झाली विणून."

चौकटीचा कागद मात्र त्यांनी मागून घेतला आणि गुंडाळी करून काखेत घातली. दोघं खाली उतरले. जिन्यातून मालकांचा आवाज येत होता, "हळू वं, पायरी आहे," आणि मायचा, "चाळीस वर्षं झाले, तिथंच आहे थे."

मी भारावून गेलो होतो. अंथरुणं घालताना बायकोला कितीतरी वेळ तेच सांगत होतो: काय माणूस आहे, एवढ्या वर्षांनी चार लोकांत सांगायचं म्हणजे काय धैर्य लागत असेल, आणि मीही त्याच्यासाठी आठ दुपारी एकट्याने कसे आकडे ठोकले, ते सार्थकी लागलं.

तिने उशीला खोळ चढवली. उशी दोनदा थोपटली.

"अन् थे आकडे तुम्हाले वाचून कोण देत होतं, आठही दुपारी?" ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी मी विचारलं होतं, टोपली पहिल्या ओळीत कशी म्हणून. तुम्ही म्हटलं होतं, तू फक्त वाच."